पांदेलिसच्या नावाचे गहू

बोटीतून उतरताना आसिमिनाचे पाय तिचे राहिले नव्हते. पहाटे पिरेयस बंदरातून निघायचं, नाक्सोसच्या बेटावर उतरायचं, तिथे उन्हात छोट्या बोटीची वाट बघायची, आणि ती छोटी बोट वाऱ्यामुळे हमखास उशिरा. त्यात एका हातात चाकांची बॅग आणि दुसऱ्या हातात दहा वर्षांची नात. नातीचं नावही आसिमिनाच, कारण मुलाच्या पहिल्या मुलीला आजीचं नाव द्यायचं असतं. पण एका घरात दोन आसिमिना म्हणजे हाक मारणाऱ्याचे हाल, म्हणून धाकटीची मिना झाली.

यायचं आसिमिनाच्या मनात नव्हतंच. मुलगा मिल्तोस मागे लागला. "आई, दहा दिवस जाऊन ये. मिनालाही ने. तुझं लाडकं बेट आहे ते."

लाडकं बेट! ती आणि पांदेलिस लग्नानंतर जवळजवळ दर ऑगस्टला इथे येत. हातात हात घालून वगैरे नव्हे, चांगले भांडत भांडत येत. टॉवेल कुणी विसरले, खिडकीकडची जागा कुणाला, असली भांडणं. पण येत. पांदेलिसचा फ्रिज दुरुस्तीचा धंदा होता आणि सुट्टीतही त्याला हत्यारं घरी ठेवून यायला जमायचं नाही. बेटावर बिघडलेला फ्रिज म्हणजे मालकाच्या डोळ्यांत पाणी, आणि पांदेलिसला ते पाणी बघवत नसे. त्यामुळे अर्ध्या सुट्टीत तो कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात आडवा पडलेला असायचा आणि आसिमिना किनाऱ्यावर एकटी चरफडत बसलेली असायची.

आता दोघांचं शेवटचं येणं होऊन चार वर्षं झाली होती. आधी तो किल्ल्या विसरायला लागला, मग घरचा रस्ता, मग आसिमिनाला. फेब्रुवारीपासून त्याला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. ती रोज बसने जायची, त्याला भरवायची, तोंड पुसायची, आणि तो दर वेळी अदबीने म्हणायचा, "आभारी आहे, बाई. तुमची ड्यूटी कधी संपते?"

तिची ड्यूटी संपत नव्हती, हीच तर गोष्ट होती. त्यात एप्रिलमध्ये तिची धाकटी बहीण फोतिनी गेली. तेव्हापासून आसिमिनाच्या अंगावर काळा ब्लाउज, काळा स्कर्ट आणि काळे मोजे होते. बहिणीसाठी वर्षभर काळं घालायचं असं तिने ठरवलं होतं. एक बरं होतं, रोज सकाळी काय घालायचं हा विचार करावा लागत नव्हता.

धक्क्यावर फ्रोसो उभी होती. खोल्या भाड्याने देणारी, अठ्ठ्याहत्तरीची, आवाजाने खणखणीत. सगळं बेट तिला मानाने 'कीरा फ्रोसो' म्हणायचं. तिने आसिमिनाला पायापासून डोक्यापर्यंत काळ्यात पाहिलं, शेजारी पांदेलिस नाही हे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"देव तुम्हाला आयुष्य देवो," ती म्हणाली. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला हेच म्हणायचं असतं.

"तुम्हालाही, कीरा फ्रोसो."

"कधी झालं गं हे?"

"एप्रिलमध्ये. झोपेतच आटोपलं."

"आम्हाला एका शब्दाने कळवलं नाहीस!"

आसिमिनाला नवल वाटलं. फोतिनी या बेटावर आयुष्यात एकदा आली होती, तीसुद्धा मिठाचं पाणी केसांना सोसत नाही म्हणून दोन दिवसांत परत गेली होती. फ्रोसोला तिचं इतकं वाटावं? पण वाटलं तर वाटलं. का वाटलं हे विचारायला अंगात त्राण लागतं, आणि ते तिने नाक्सोसच्या धक्क्यावरच संपवलं होतं.

मग बार्बा झानिस, म्हणजे झानिसकाका, पुढे आला. म्हातारा कोळी, पांदेलिसचा सोंगट्यांमधला भिडू. त्याने टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि बॅग उचलता उचलता म्हणाला, "गेला माझा पांदेलिस. फासे टाकताना लबाडी करायचा, पण मनाचा राजा होता. देव त्याला क्षमा करो."

आता कुठे आसिमिनाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला, एक ट्रक मागे मागे येऊ लागला, आणि मिना मासे बघायला धक्क्याच्या अगदी कडेला जाऊन ओणवी झालेली. "मिना! मागे हो, कार्टे!" असं ओरडून, तिला दंडाला धरून आणून आसिमिना वळली तर झानिस हातगाडीवर बॅग टाकून चालायला लागला होता. बाहीने डोळे पुसत चालला होता. भर रस्त्यात त्याला थांबवून काय सांगायचं? घरी गेल्यावर सांगू, बसून, नीट, असं तिने ठरवलं.

घरी फ्रोसोने मिनाला अंघोळीला पिटाळलं आणि टेबलावर कडू कॉफी, छोट्या ग्लासात ब्रँडी आणि टोस्ट मांडले. दफनाहून परतलेल्या माणसांपुढे जे मांडतात ते. मग टेबलाला वळसा घालून ती आली आणि आसिमिनाचं डोकं तिने आपल्या छातीशी धरलं.

आसिमिना रडली. नुसतं डोळ्यांत पाणी आलं असं नव्हे, हंबरडा फोडून रडली. गेल्या तीन वर्षांत तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं. शेजारणी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "पांदेलिस जेवतो ना नीट? मग देवाचे आभार मान." मिल्तोस म्हणायचा, "आई, बाबांचं चांगलं चाललंय तिथे." सगळ्यांचं लक्ष पांदेलिसकडे. तिचा नवरा रोज थोडाथोडा जात होता आणि त्याबद्दल कुणी तिच्यापुढे एक टोस्टसुद्धा ठेवला नव्हता. जिवंत माणसाचं दुःख करायला कोण येणार? आणि इथे ही म्हातारी, भाड्याच्या खोल्यांची मालकीण, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "रड. किती सोसलंस गं एकटीने." खरंच सोसलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

नंतर सांगायला तोंड उचकटेना. ज्या छातीवर रडलो तिलाच म्हणायचं, कीरा फ्रोसो, थोडा घोटाळा झाला?

दुसऱ्या दिवसापासून ताटं यायला लागली. ज्याचा ज्याचा फ्रिज पांदेलिसने कधी उघडला होता, त्याच्या घरून काहीतरी आलं. भाताने भरलेले टोमॅटो, द्राक्षाच्या पानांतले भाताचे विडे, शेळीचं चीज, एक अख्खं कलिंगड. समुद्रात टोप्या घालून कमरेइतक्या पाण्यात तासन् तास गप्पा ठोकणाऱ्या बायका सरकून तिला मधे जागा करून द्यायच्या. कुणी काही विचारायचं नाही. नवरा गेलेल्या बाईला कुणी प्रश्न विचारत नाही, कामं सांगत नाही, उलट तिच्या हातची पिशवी काढून घेतात. आसिमिना दुपारी झोपायची आणि संध्याकाळी उठायची. इतकी झोप तिला बाळंतपणातही मिळाली नव्हती. लाज वाटत नव्हती असं नाही. रोज सकाळी वाटायची, आज सांगायचं असं ठरायचं, आणि कॉफी संपेपर्यंत कुणीतरी ताट घेऊन यायचं.

मिना सबंध दिवस पाण्यात आणि दगडांवर. तिच्या कानावर अजून काही गेलं नव्हतं. ते चौथ्या दिवशी दुपारी गेलं.

दोघी किनाऱ्यावर झाऊच्या झाडाच्या सावलीत जेवल्या होत्या.

"याया, जाऊ पाण्यात?" मिनाने आजीला विचारलं.

"आत्ता जेवलीस. तीन तास तरी जाऊ देत. पोटात गोळा येऊन बुडशील."

"आमच्या सरांनी सांगितलंय, काही होत नाही म्हणून."

"मग सरांना म्हणावं, तुम्हीच या पोरं सांभाळायला. बस खाली."

मिना बसली नाही. धक्क्याकडे झानिस जाळं दुरुस्त करत होता, तिकडे गेली. आसिमिनाने डोळे मिटले. थोड्या वेळाने तोंडावर सावली आली. मिना समोर उभी होती. हातात बदामाची वडी होती, अर्धी खाल्लेली.

"याया, पापू गेले का?"

आसिमिना ताडकन उठून बसली. "नाही! काहीतरीच काय!"

"बार्बा झानिसने मला ही वडी दिली. म्हणाले, खा पोरी, तुझ्या आजोबांच्या आत्म्यासाठी. आणि रडले."

"त्यांचा गैरसमज झालाय. मी काळे कपडे घातलेत ना, त्यांना वाटलं..."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगणार आहे."

"कधी?"

आसिमिना पायांवरची वाळू झटकायला लागली. मिना आणखी जवळ आली. "फोतिनी आजीच्या वेळी पण तुम्ही असंच केलंत. सगळे म्हणायचे बरी आहे, हॉस्पिटलमध्ये आराम करतेय. आणि तिला पुरून पण आला होतात. मी तिच्यासाठी चित्र काढत बसले होते."

हे खरं होतं. पोर लहान आहे, परीक्षा आहे, मागाहून सांगू, असं त्या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि त्यात आसिमिनाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"या वेळी खरंच सांगतेय, राणी. पापू आहेत."

"मग फोन लाव. मला ऐकू दे."

आसिमिनाने पिशवीतल्या फोनकडे पाहिलंही नाही. वृद्धाश्रमात फोन तिने एकदाच केला होता, मार्चमध्ये. पांदेलिसने हॅलो हॅलो केलं, तिचा आवाज ऐकला, आणि घाबराघुबरा होऊन मदतनिसाला म्हणाला, ही कोण बाई मला नावाने हाक मारतेय? पुन्हा त्या वाटेला जाण्याची तिची हिंमत नव्हती.

"फोनवर त्यांना कळत नाही कोण बोलतंय. घाबरतात."

"हो का," मिना म्हणाली. तिने उरलेली वडी वाळूत टाकली आणि पाण्याकडे न जाता सरळ घराकडे चालू लागली.

संध्याकाळी अंगणात भाजी निवडता निवडता फ्रोसोने जाहीर केलं, "आसिमिना, तू काही बोलू नकोस. रविवारी मी गहू करतेय त्याच्या नावाने. पाद्री लिनार्दोसला नाव देऊन आले. सगळं गाव येणार आहे."

आसिमिनाच्या हातातली सुरी थांबली. गहू म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने शिजवायचे, साखर-बदाम घालून देवळात न्यायचे, पाद्री मेलेल्यांची नावं वाचतो तेव्हा त्या गव्हांवर मेणबत्ती लावायची, आणि मग सगळ्यांनी मूठ मूठ खाऊन म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. आणि तिचा नवरा तिकडे बिछान्यात बसून सूप पीत असणार. ती काही मोठी देवभोळी नव्हती, चर्चमध्ये गेली तर पाय दुखतात म्हणून भिंतीला टेकून उभी राहणारी बाई. तरी तिने सुरी खाली ठेवली. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचायचं? असं शत्रूच्या बाबतीतही कुणी करत नाही.

पण त्याहून वाईट विचार त्याच्यामागोमाग आला, आणि तो आला हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. तिला वाटलं, वाचू देत. एकदा वाचलं की संपेल. तो फाशांत लबाडी करणारा, टॉवेलवरून भांडणारा पांदेलिस कधीच गेलेला होता. त्याच्या नावाने कुणी एक मेणबत्ती लावली तर काय बिघडलं? तिकडे जो बसलाय तो कुणी दुसराच सभ्य म्हातारा होता, जो तिला बाई म्हणतो.

"बोलत नाहीस ती?" फ्रोसोने विचारलं.

"काय बोलू," आसिमिना म्हणाली. "दमलेय."

मिना पायरीवर बसून सगळं ऐकत होती. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यात गेली नाही. आसिमिनाने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. "पोटात दुखतंय का?" तर नाही. "घरी जायचंय का?" तर नाही. पुन्हा एकदाही तिने आजोबांचं नाव काढलं नाही, आणि आसिमिनाला ते तिच्या प्रश्नांपेक्षा भारी पडलं. ती दोनदा म्हणाली, "मिना, पापू ठीक आहेत गं." पोर मान डोलवायची. मोठी माणसं खोटं बोलत असली की आपण मान डोलवायची असते, हे ती शिकली होती.

शनिवारी सकाळी फ्रोसोने गहू शिजवले आणि कोरडे व्हायला धुतलेल्या चादरीवर पसरले. दुपारी त्यात मनुका, अक्रोड, दालचिनी पडली. परातीत गव्हाचा ढीग थापून त्यावर भाजलेल्या पिठाचा थर, त्यावर पिठीसाखरेचा. कागदाने दाबून दाबून ती साखर तिने गुळगुळीत केली, पांढरीशुभ्र, इस्त्री केल्यासारखी. उंबऱ्यात झानिस गरम पाण्यातल्या बदामांची सालं काढत बसला होता आणि दर चार बदामांमागे एक तोंडात टाकत होता.

"झानिस, ते मेलेल्याचे आहेत."

"मेलेला माझा दोस्त होता. तो काही म्हणायचा नाही."

फ्रोसोने सुरीच्या टोकाने साखरेवर मोठं 'पी' अक्षर आखलं. ग्रीक 'पी', म्हणजे दोन उभे खांब आणि वर आडवी तुळई, घराच्या दारासारखं. "यावर बदाम लाव आता," ती आसिमिनाला म्हणाली. "घरच्या माणसाच्या हाताने लागले पाहिजेत."

आसिमिनाने बदामांची वाटी घेतली. हात पुढे जाईना. ती नुसती वाटी धरून उभी राहिली. तेवढ्यात शेजारून एक छोटा हात आला, त्याने वाटीतला एक बदाम उचलला आणि डाव्या खांबाच्या बुडाशी ठेवला. मग दुसरा, त्याला चिकटून. मिना ओठ आवळून काम करत होती, शाळेत रेघ मारताना आवळते तसे. अक्षर वाकडं होऊ नये म्हणून मान तिरकी करून बघत होती. नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब साखरेवर पडला, तिथे छोटा खड्डा पडला, आणि तिने घाईघाईने बोटाने तो बुजवला.

आजोबांच्या मरणाचं अक्षर ती पोर शक्य तितकं सुंदर करत होती. तिला सांगायला कुणी आलं नव्हतं, म्हणून तिने एकटीनेच ते मानून घेतलं होतं.

"थांब, मिना," आसिमिना म्हणाली. "कीरा फ्रोसो, तो जिवंत आहे."

"कोण?"

"पांदेलिस. आश्रमात आहे, विसरलाय सगळं. मलाही. गेली ती माझी बहीण. काळं तिच्यासाठी आहे."

झानिसच्या तोंडातला बदाम चावायचा राहिला. फ्रोसो आधी पांढरी पडली, मग लाल झाली. अरिष्ट टळावं म्हणून तिने स्वतःच्या छातीवर तीनदा थू थू थू केलं, क्रूस केला, आणि मग तिचा खणखणीत आवाज सुटला.

"जिवंत माणसाचे गहू शिजवले मी? माझ्या हातांनी? पाद्रीकडे नाव देऊन आले! उद्या सगळ्या गावासमोर वाचलं असतं आणि त्याला काही झालं असतं तर ते कुणाच्या डोक्यावर? माझ्या! अगं, आठवडाभर मी रडतेय! माझ्या नवऱ्यासाठी एवढी रडले नव्हते!"

"ते खरंय," झानिस म्हणाला.

"तू गप! पळ आधी पाद्रीकडे आणि नाव काढून घे. पळ!"

झानिस उठला, पण गेला नाही. "जिवंत आहे?" तो पुन्हा म्हणाला. "खरंच जिवंत आहे आमचा लबाड?" आणि तो तसाच उंबऱ्यात उभा राहून हसायला लागला, डोळे पुसत पुसत.

फ्रोसो आसिमिनाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "का केलंस?"

आसिमिनाने खूप कारणं रचून ठेवली होती. बोट, भोंगा, ट्रक. त्यातलं एकही तिने काढलं नाही.

"तुम्ही मला जवळ घेतलंत म्हणून."

"म्हणजे?"

"तिकडे मला कुणी जवळ घेत नाही. तो जिवंत आहे ना. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस."

"मग आजारी आहे असं सांगायचंस! तरी घेतलं असतं जवळ!"

"नाही, कीरा फ्रोसो. आजाऱ्याच्या बायकोला लोक आजाऱ्याची चौकशी करतात."

फ्रोसोला आणखी राग आला. तिने परात ओढली, हाताच्या कडेने ते 'पी' बदामांसकट पुसून टाकलं आणि म्हणाली, "उद्या तुझ्या बहिणीच्या नावाने जातील. गहू वाया घालवायचे नसतात. पण तुझ्याशी मी बोलणार नाही."

मिना या सगळ्या गोंधळात भिंतीला चिकटून उभी होती. तिने कुणाकडे बघून नाही, जमिनीकडे बघून विचारलं, "आता कुठलं खरं?"

आसिमिनाने फोन काढला. नंबर मिनानेच शोधला आणि लावला, आवाज मोठा करून टेबलावर परातीशेजारी ठेवला. मदतनीस मुलीने उचलला. आसिमिनाने कुठून बोलतेय ते सांगितलं. पलीकडे चपला घासत गेल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग त्या मुलीचं लांबून आलेलं वाक्य, "पांदेलिसकाका, बेटावरून फोन आहे तुम्हाला."

"हॅलो?" पांदेलिस म्हणाला.

मिनाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आसिमिना फोनवर वाकली. नावाने हाक मारली तर तो घाबरेल.

"हॅलो," ती म्हणाली.

"कीरा फ्रोसो!" पांदेलिस एकदम खुलला. "मी ओळखलं बरं का. पांदेलिस बोलतोय, फ्रिजवाला. आम्ही येतोय ऑगस्टमध्ये, मी आणि बायको. खोली ठेवलीय ना?"

बाहेर ऑगस्टचं ऊन होतं. खरी फ्रोसो हात साखरेने माखलेले तसेच धरून टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिने आसिमिनाकडे पाहिलं आणि मान हलवली, बोल.

"ठेवलीय," आसिमिना म्हणाली.

"छान. हे बघा, एक सांगायचं होतं. बायकोला कळू देऊ नका मी बोललो म्हणून." त्याने आवाज खाली आणला. "ती फार दमलीय हो अलीकडे. कशाने ते मला नीट लक्षात येत नाही. बहुतेक माझ्यामुळेच असेल. मी काहीतरी केलं असणार."

"नाही, नाही. तुम्ही काही नाही केलं."

"तुम्हाला काय माहीत! ती सांगत नाही, तिची रीतच नाही सांगायची. उभ्याने जेवते, उभ्याने कॉफी पिते. तुम्ही एवढं करा. ती आली की दमलीस का म्हणून विचारू नका, चिडते. नुसतं बसवा. एवढं केलंत तर उपकार होतील."

आसिमिनाने टेबलाची कड धरली. फ्रोसो टेबलाला वळसा घालून आली. तिने पायाने खुर्ची ओढली आणि साखरेचे पांढरे हात आसिमिनाच्या काळ्या खांद्यांवर ठेवून, काही न बोलता, जोर लावून तिला खाली बसवलं.

"कीरा फ्रोसो, ऐकताय ना? बसवाल ना तिला?"

"हो," आसिमिना म्हणाली. "बसवलं."

"बरं झालं," पांदेलिस म्हणाला. "मग मला आता काळजी नाही."